नेत्रकोटर व डोळ्यांची ठेवण

नेत्रकोटर : नेत्रगोल सामावून घेणारी कवटीतील खोबण. ती ललाटास्थी, गंडास्थी (गालाचे हाड), ऊर्ध्वहन्वस्थी, जतुकास्थी, झर्झरास्थी, अश्रु-अस्थी व तालु-अस्थी अशा सात हाडांची बनलेली असते. प्रौढांत तिचे घनफळ सु. ३० घ. सेंमी., तर नेत्रगोलाचे जेमतेम ७ घ. सेंमी. असते, उरलेली जागा मुख्यतः चरबी व स्नायू व्यापतात. नेत्रगोलाचा व्यास बहुतेक प्रौढांत २४ मिमी.च्या आसपास असल्याने टपोरे व खोल डोळे यांतील फरक बव्हंशी भोवतीच्या हाडांचा व पापण्यांचा असतो. तीव्र लघुदृष्टीत (दूरचे अस्पष्ट दिसण्याच्या दोषात) मात्र नेत्रगोलच लांबतो.

कोटराच्या बाहेरील कडेपासून स्वच्छमंडल (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) किती पुढे आहे, हे हर्टेल मापकाने मोजतात. सर्वसाधारण मर्यादा सु. १२ ते २१ मिमी. मानतात; ती लोकसमूहानुसार बदलते. गालाचे हाड मागे असल्यास खालच्या पापणीचा आधार कमी होऊन बुबुळाखाली पांढरा भाग दिसू शकतो. डोळ्याचा बाहेरचा कोपरा गंडास्थीवरील एका लहान उंचवट्याशी (व्हिटनॉल गुलिका) बांधलेला असतो. काहींच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर दिसणारी घडी ही त्वचेची; तरी नाकाचे हाड उंचावू लागले की अनेक बालकांत ती आपोआप नाहीशी होते.

भुवईवरील अस्थिकंगोरा ठळक असला की डोळे खोल व सावलीत दिसतात. हा कंगोरा मुळात कशासाठी, याविषयी मतभेद आहेत. चावताना येणारा ताण पेलण्यासाठी तो जाड झाला, हे मत बराच काळ मान्य होते. परंतु हायलँडर व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये माकडांवर केलेल्या मोजणीत चावताना त्या भागावर ताण अल्पच आढळला. मॉस व यंग (१९६०) यांच्या मते कोटर आणि मेंदूची पेटी यांच्यातील अंतर भरून काढताना कंगोरा घडतो. झांबियातील काब्वे येथे १९२१ मध्ये सापडलेल्या प्राचीन मानवी कवटीचा कंगोरा संगणकीय प्रतिकृतीत घटवून पाहिला असता चावण्याच्या ताणात फारसा फरक पडला नाही, आणि एवढी जाडी अंतराच्या कारणानेही पुरती उलगडली नाही. यावरून गोदिन्यो, स्पायकिन्स व ओहिगिन्स यांनी २०१८ मध्ये कंगोरा हा इतरांना दिसणारा सामाजिक संकेत असावा, अशी शक्यता मांडली. ती आकर्षक असली तरी प्रत्यक्ष पडताळणीस अवघड आहे. अंतराची उपपत्ती निदान कंगोऱ्याच्या मूळ घडणीपुरती अधिक सावध वाटते.

भारतात अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये नर्मदाकाठी हथनोरा (मध्य प्रदेश) येथे मिळालेल्या कवटीच्या जीवाश्मावर असा जाड कंगोरा आहे. ती मध्य प्लाइस्टोसीन काळातील (सु. ७.७ ते १.३ लाख वर्षांपूर्वीची) असावी. सोनकियांनी ती होमो इरेक्टस या लुप्त मानवजातीची मानली. पुढे केनेडी व सहकाऱ्यांनी तिला आद्य होमो सेपियन्समध्ये (आपल्याच जातीच्या प्राचीन रूपात) घातले.

विकृतींपैकी क्रूझाँ संलक्षणात (कवटीची हाडे अकाली जुळण्याच्या जन्मजात विकारात) कोटर उथळ राहून डोळे बाहेर येतात. उलट, मार लागून कोटराचा पातळ तळ फुटल्यास डोळा आत जातो. ग्रेव्ह्ज रोगातील (अवटु ग्रंथीच्या एका विकारातील) बटबटीतपणा मात्र हाडामुळे नसून स्नायू व चरबी सुजल्याने येतो. उतारवयात कोटराची कडा, विशेषतः वर आतल्या बाजूस व खाली बाहेरच्या बाजूस, झिजून तोंड रुंदावते.

कवटीवरून चेहरा घडवताना कोटराच्या वरच्या व खालच्या कडा जोडणाऱ्या रेषेला स्वच्छमंडल टेकवण्याचा जुना प्रघात होता. जिवंत माणसांवरील मोजमापांशी ताडून पाहता त्यात डोळा वाजवीपेक्षा आत बसतो, असे स्टीफन यांनी २००२ मध्ये दाखवले.