घोड्याचं हाड शर्यतीच्या आधीच तडकलेलं असतं

एप्रिल-मे २०२३मध्ये अमेरिकेत केंटकी डर्बी या नामांकित शर्यतीच्या आगेमागे चर्चिल डाउन्सच्या मैदानावर १२ घोडे दगावले. मैदानाच्या मातीवर ठपका आला, जूनमध्ये शर्यती दुसऱ्या गावी हलवल्या. तपासात सगळ्यांना लागू पडेल असं एकच कारण सापडलं नाही. त्यातले दोन घोडे तर हाड न मोडताच अचानक कोसळले होते. पण ज्यांचे पाय मोडले, त्यांच्याबद्दल लोक हमखास म्हणतात, “पाऊल वाकडं पडलं.” हा समज पुसला गेला पाहिजे, कारण त्यामुळे टाळता येणारे मृत्यू नशिबाच्या नावावर खपतात.

रेसचा घोडा साधारण ४५० ते ५०० किलोचा असतो. भरधाव पळताना एकेका पुढच्या पायावर क्षणभर त्याच्या वजनाच्या अडीचपट जोर येतो, म्हणजे टनाहून जास्त. खुराच्या वरचा सांधा तेव्हा जवळजवळ जमिनीला टेकतो. प्रत्येक टापेला हाडात केसाहून बारीक चिरा पडतात. चिरा पडणं हा आजार नाही, हाडाला त्या दुरुस्त करता येतात.

घोळ होतो तो या दुरुस्तीतच. रस्ता दुरुस्त करताना आधी खणतात, मग भरतात, तसंच हाडाचं असतं. एका जातीच्या पेशी चिरलेलं हाड विरघळवून बारीक बोगदे पाडतात. हे काम काही आठवड्यांत उरकतं. दुसऱ्या पेशी त्यात नवं हाड भरतात, आणि ते पुरतं कठीण व्हायला महिने लागतात. मधल्या काळात हाड सच्छिद्र, म्हणजे कच्चं असतं. शिवाय सराव जोरात चालू असताना खणणाऱ्या पेशी मंदावतात. सांध्याखालचं हाड दाट होत जातं, वरून भक्कम वाटतं, पण आत चिरा साचत राहतात. मग घोड्याला दोन महिने सुट्टी मिळाली की खणकाम जोरात सुरू होतं. घोडा ताजातवाना, दुखणं नाही, म्हणून ट्रेनर लगेच वेगाचा सराव देतो, आणि नेमकं तेव्हाच खांद्याखालचं दंडाचं हाड मोडतं. दीर्घ विश्रांतीनंतरचे पहिले आठवडे धोक्याचे असतात, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या सुझन स्टोव्हर यांच्या कामातून पुढे आलं. तिथे १९९०पासून मेलेल्या रेसच्या घोड्यांचं शवविच्छेदन होतं. मोडलेल्या बहुतेक हाडांत जुन्या इजेच्या खुणा सापडतात.

आपल्याकडे घोडा घेताना अंगावरचे भोवरे बघून शुभ-अशुभ ठरवणारे आजही आहेत. भोवरा म्हणजे केस उगवण्याची दिशा. पायाच्या नळीशी त्याचं काही नातं नाही. त्यापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरावाची वही मागावी.

वयाच्या दुसऱ्या वर्षी शर्यतीत उतरलेल्या घोड्यांना, उशिरा उतरलेल्यांपेक्षा जिवावरची इजा कमी होते. कोवळं हाड भाराप्रमाणे घडतं, हे त्याचं एक कारण. शिवाय मुळात धडधाकट असतात तेच लवकर उतरतात. मैदानाचाही वाटा आहेच. अमेरिकेत २०२३मध्ये दर हजार धावांमागे मातीवर १.४३ घोडे दगावले, कृत्रिम पृष्ठभागावर ०.९७. एकूण दर २००९मध्ये २.०० होता, तो १.३२वर आला.

पाय जोडून घोडा वाचवता येत नाही का? २००६मध्ये प्रीकनेस शर्यतीत पाय मोडलेल्या बार्बारो नावाच्या घोड्यावर उत्तम शस्त्रक्रिया झाली. पण वजन उरलेल्या पायांवर पडलं, खुरांच्या आतला भाग सुजून निकामी झाला, आणि जानेवारी २००७मध्ये त्याला मरण द्यावं लागलं.

म्हणून सगळी भिस्त आधी ओळखण्यावर. शर्यतीच्या दिवशी सकाळी पशुवैद्य घोड्याला दुडक्या चालीने पळवून लंगड बघतात. पण दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असले तर घोडा लंगडतच नाही, फक्त टापा आखडत्या टाकतो. कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर डिसेंबर २०१९पासून उभ्या घोड्याच्या पायाचं पेट स्कॅन होतं. किरणोत्सारी फ्लोराइड टोचलं की हाडाची दुरुस्ती जिथे जोरात चालू आहे तिथे ते साचतं आणि चित्रात उजळतं, एक्स-रे साफ असला तरी. असा डाग दिसला की घोडा शर्यतीतून काढायचा आणि हाड भरल्यावर टप्प्याटप्प्यानेच वेगावर आणायचा.