कंट्रोलर, सर्व्हिस, रिपॉझिटरी: ही वाटणी आली कुठून?

जरा मोठ्या वेब अ‍ॅप्लिकेशनचा कोड उघडला की कंट्रोलर (ब्राउझरची मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, घेणारा), सर्व्हिस (धंद्याचे नियम सांभाळणारी), रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारी), टेम्पलेट (पानाचा साचा) अशा नावांचे फोल्डर समोर येतात. नव्याने रुजू झालेल्या प्रोग्रामरला पहिल्याच आठवड्यात बजावलं जातं: टेम्पलेटमध्ये क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) लिहायची नाही, सर्व्हिसमध्ये एचटीएमएल (पानाची मांडणी) आणायचं नाही. तो ते पाळतोही. पण हा नियम कोणत्या अडचणीतून आला, हे त्याला सहसा कुणी सांगत नाही. त्यामुळे पुढे हे थर नावापुरते राहतात आणि गुंता होता तिथेच राहतो.

ही वाटणी वेबच्या आधीची आहे. १९६८ मध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेल्या ‘टीएचई’ या ऑपरेटिंग सिस्टीमचं वर्णन प्रसिद्ध केलं. ती थरांवर थर रचून बांधलेली होती. खालचा थर तपासून पक्का झाला की वरच्याने त्यावर विसंबायचं, त्याच्या पोटात डोकवायचं नाही. कोड थरांत मांडता येतो हे त्यातून दिसलं. पण रेषा नेमकी कुठे मारायची?

त्याचं उत्तर डेव्हिड पार्नास यांच्या १९७२ च्या निबंधात आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान तेच. त्यांनी उदाहरण घेतलं एका छोट्या सूची-प्रोग्रामचं. ओळीतला पहिला शब्द उचलून शेवटी न्यायचा, असं करत सगळी फिरवलेली रूपं तयार करायची आणि ती वर्णानुक्रमे छापायची. ‘मराठी भाषेचा कोश’ या ओळीची ‘भाषेचा कोश मराठी’ आणि ‘कोश मराठी भाषेचा’ अशी आणखी दोन रूपं होतात. हा प्रोग्राम पार्नास यांनी दोन तऱ्हांनी विभागला. पहिल्या तऱ्हेत कामाच्या क्रमाने तुकडे होते: वाचणं, फिरवणं, क्रम लावणं, छापणं. दिसायला अगदी सरळ. पण ओळी मेमरीत कशा साठवायच्या, हे या सगळ्या तुकड्यांना ठाऊक असावं लागे. साठवण बदलली की सगळ्यांना हात लावावा लागे. दुसऱ्या तऱ्हेत साठवणीचा निर्णय एकाच मॉड्यूलमध्ये, म्हणजे कोडच्या एका स्वतंत्र तुकड्यात, झाकला होता. बाकीचे त्याला फक्त ‘अमुक ओळीतलं अमुक अक्षर दे’ एवढंच विचारत. पार्नास यांचा निष्कर्ष असा, की कामाच्या क्रमावरून तुकडे पाडू नयेत. जे निर्णय अवघड आहेत किंवा पुढे बदलण्याचा संभव आहे, त्यांची यादी करावी आणि प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये झाकावा.

एमव्हीसी, म्हणजे मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, याचा जन्मही वेबबाहेरचा. नॉर्वेचे त्रिग्वे रेन्सकाउग जहाजबांधणीसाठी सॉफ्टवेअर करत आले होते. १९७८-७९ मध्ये ते कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून गेले आणि तिथे स्मॉलटॉक या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्यांनी मॉडेल (माहिती), व्ह्यू (ती दाखवणारा भाग) आणि कंट्रोलर (माऊस-कीबोर्ड सांभाळणारा भाग) ही विभागणी मांडली. वापरणाऱ्याच्या डोक्यात कामाचं जे चित्र असतं, तेच यंत्रातल्या माहितीत त्याला दिसावं, हा त्यांचा हेतू. एकच मॉडेल वेगवेगळ्या व्ह्यूंमधून पाहता येई आणि मॉडेल बदललं की व्ह्यूला आपोआप कळे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण वेबवर नेमकी तीच हरवली.

वेबची सुरुवात थरांशिवाय झाली. १९९३ च्या सुमारास सीजीआय, म्हणजे पान मागितलं की सर्व्हरवरचा प्रोग्राम चालवायची सोय, आलं. पर्ल किंवा सी या भाषांमधला प्रोग्राम एचटीएमएलच्या ओळी थेट छापायचा. १९९५ मध्ये रासमुस लेर्डोर्फ यांनी पीएचपीची साधनं खुली केली आणि पानाच्या मधोमध कोड लिहिता येऊ लागला. त्या काळची एखादी फाइल आठवून पाहा. वर डेटाबेसचा पासवर्ड, खाली क्वेरी, क्वेरीत फॉर्ममधून आलेलं नाव जसंच्या तसं चिकटवलेलं, मग लूप, लूपमध्ये टेबलाच्या ओळी, आणि त्या ओळींतच सवलतीचा हिशोब. दुपारी लिहिलेलं पान संध्याकाळी चालू होई, आणि त्यामुळेच हजारो लोक वेबवर आले. त्याला कमी लेखणं मला पटत नाही. मात्र तोच सवलतीचा हिशोब बिलाच्या पानावर, अहवालात आणि ईमेलमध्ये पुन्हा लिहिला गेला, की दर बदलल्यावर एक जागा हमखास सुटायची. एसक्यूएल ही क्वेरीची भाषा; फॉर्ममध्ये नावाऐवजी तिच्यातला हुकूम लिहून तो डेटाबेसकडून चालवून घेणं, या एसक्यूएल इंजेक्शनची भोकंही अशाच चिकटवलेल्या क्वेऱ्यांतून पडली. क्वेऱ्या पानापानांवर विखुरलेल्या असल्यामुळे ती एका ठिकाणी बुजवता येईनात.

जावाच्या जगात उत्तर शोधलं गेलं ते ‘मॉडेल २’ या नावाने. रिक्वेस्ट आधी सर्व्हलेटने, म्हणजे सर्व्हरवरच्या जावा प्रोग्रामने, घ्यायची, काम करून घ्यायचं आणि निकाल दाखवण्यापुरता जेएसपीकडे, म्हणजे पानाच्या टेम्पलेटकडे, सोपवायचा. क्रेग मॅक्लॅनहन यांनी २००० मध्ये अपाचे या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेला दिलेलं स्ट्रट्स हे फ्रेमवर्क, म्हणजे वेब अ‍ॅप्लिकेशनचा तयार सांगाडा, याच वाटेचं. २००४ मध्ये रेल्स हे फ्रेमवर्क आलं, २००५ मध्ये जँगो. नाव एमव्हीसीचंच राहिलं, पण ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीत पान पाठवलं की सर्व्हर मोकळा. मॉडेल बदललं तरी ब्राउझरमधल्या व्ह्यूला पत्ता नसे. कंट्रोलर आता माऊस-कीबोर्ड सांभाळणारा राहिला नाही, रिक्वेस्ट घेणारा झाला.

टेम्पलेटची सीमा सर्वांत कडक आखली ती टेरेन्स पार यांनी, २००४ च्या एका निबंधात. व्ह्यूने मॉडेल बदलायचं नाही, डेटावर गणित करायचं नाही, मूल्यांची तुलनाही करायची नाही. बाकी रक्कम शून्याखाली गेली का, हे टेम्पलेटने तपासायचं नाही; ‘थकबाकी आहे’ एवढं त्याला आयतं मिळायला हवं. थकबाकी कशाला म्हणायचं हा धंद्याचा निर्णय, आणि तो टेम्पलेटमध्ये शिरला की पार्नास यांची अट मोडते.

२००५ मध्ये अ‍ॅलिस्टर कॉकबर्न यांनी वर-खाली ही मांडणीच सोडून दिली. मध्ये धंद्याचे नियम. स्क्रीन, डेटाबेस, चाचणीचा प्रोग्राम हे सगळे बाहेर, अ‍ॅडॅप्टर नावाच्या मधल्या जोडतुकड्यांमार्फत जोडलेले. हे मला फार पटतं. नेहमीच्या थरांत डेटाबेस तळाशी असतो आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं राहतं. मग टेबलात एक कॉलम वाढवला की सर्व्हिस, कंट्रोलर, टेम्पलेट सगळीकडे तोच बदल करावा लागतो, आणि मधला थर फक्त निरोप पोचवत राहतो.

२०१३ मध्ये फेसबुकने आपलं स्क्रीन बांधायचं साधन रिअ‍ॅक्ट खुलं केलं. जावास्क्रिप्टच्या आत एचटीएमएलसारखी मांडणी पाहून अनेकांना धक्का बसला. रिअ‍ॅक्टवाल्यांचं म्हणणं असं, की टेम्पलेट आणि त्याचं वागणं नेहमी बरोबरच बदलतं. भाषा वेगळ्या म्हणून फाइली वेगळ्या केल्याने काही सुटं होत नाही. पार्नास यांचीच कसोटी, उलट्या बाजूने लावलेली. आणि मॉडेल बदललं की व्ह्यूला कळणं, हे स्मॉलटॉकमधलं हरवलेलं सूत्रही इथे ब्राउझरमध्ये परत आलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्स्ट-जेएस या रिअ‍ॅक्टवर उभ्या फ्रेमवर्कच्या परिषदेत बटणाच्या कोडमध्येच एसक्यूएल लिहिलेली एक स्लाइड दाखवली गेली आणि ‘हे तर जुनं पीएचपी’ असा गिल्ला झाला. त्या क्वेरीत आलेलं मूल्य मजकुरात चिकटत नव्हतं, वेगळं पाठवलं जात होतं, त्यामुळे इंजेक्शनचा जुना धोका तिथे नव्हता. खरा प्रश्न दुसरा आहे: बटण दाबल्यावर डेटाबेसात होणारी तीच नोंद उद्या मोबाइल अ‍ॅपमधून किंवा रात्री आपोआप चालणाऱ्या बॅच जॉबमधून करायची झाली, तर त्या नोंदीचा नियम बटणातून कोण बाहेर काढणार?