हायकोर्टात रिट टाकण्याआधी अपिलाची मुदत तपासा

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. पण हायकोर्ट दारात आलं म्हणून साध्या फेरफारावरही (सातबारावरच्या नोंदीतल्या बदलावरही) थेट रिट, म्हणजे हायकोर्टाकडे सरळ दाद मागणारी याचिका, टाकू नका. तिथं पहिला प्रश्न येतो, अपील केलंत का?

संविधानाच्या कलम २२६ खाली दाद द्यायची की नाही, हे न्यायालयाच्या विवेकावर असतं. कायद्यानं अपिलाची पुरेशी सोय दिली असेल तर न्यायालय सहसा हात घालत नाही. तुमची बाजू खोटी ठरत नाही, पण वेळ जातो.

आणि मुदत तर दिवसांवर चालते. करवीर तालुक्यात मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केलेल्या फेरफारावर अपील प्रांताधिकाऱ्यांकडे, ६० दिवसांत. हे दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजायचे, आदेशावरच्या तारखेपासून नव्हे. बँकेनं सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली ताबा घेतला तर डीआरटीत (कर्ज वसुली न्यायाधिकरणात) ४५ दिवस. जीएसटीच्या आदेशावर तीन महिने, शिवाय वादातल्या कराचे १० टक्के आधी भरावे लागतात.

घोडं अडतं ते नकलेवर. महसुली अपिलाला सही-शिक्क्याची नक्कलच लागते. मोबाइलवरचा फोटो चालत नाही. पण नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. म्हणून आदेश कळेल त्याच दिवशी नकलेचा अर्ज द्या, पोच घ्या. नकलेवर अर्ज केल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. ती जागा कोरी असेल तर खिडकी सोडू नका. नक्कल रखडवायची कार्यालयानं आणि उशिराचा जाब द्यायचा शेतकऱ्यानं, हे थांबलंच पाहिजे.

मुदत गेली असेल तर अपिलासोबत उशीर माफीचा अर्ज द्या. ‘मुदत संपली, म्हणून रिट’ हे कारण चालत नाही.

‘आधी अपील, मग रिट’ याला अपवाद आहेत. व्हर्लपूल खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते सांगितले: मूलभूत हक्काचा प्रश्न, म्हणणं न ऐकता दिलेला आदेश, अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्यालाच आव्हान. ‘नोटीस मिळालीच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी रोजनाम्याची (प्रकरणात तारखेवार काय झालं त्या नोंदीची) नक्कल काढावी. कित्येकदा तिथं नोटीस घरावर चिकटवल्याची नोंद निघते.

याचिकेत ‘अन्य परिणामकारक उपाय नाही’ असं छापील वाक्य असतं. त्याखालच्या प्रतिज्ञेवर सही तुमची असते, म्हणून ते वाक्य वकिलांकडून समजून घ्या. रिट मागं घ्यायची वेळ आलीच, तर अपिलाची मुभा आणि रिटमध्ये गेलेल्या काळाचा उल्लेख आदेशात मागून घ्या.