मानेतील मज्जारज्जूवरचा दाब: नावाच्या गुंत्याची पार्श्वभूमी

मानेच्या मज्जारज्जूला पुढून रेटणारी गाठ शस्त्रक्रियेत आढळली, तर विसाव्या शतकाच्या आरंभी ती बहुधा कूर्चेची गाठ मानली जाई. ती मुळात दोन मणक्यांमधली, मागे सरकलेली गादी असते, हे १९३४ नंतर हळूहळू मान्य झाले. अचानक निसटलेली गादी आणि वर्षानुवर्षांच्या झिजेतून वाढलेली हाडे यांतला भेद १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये स्पष्टपणे मांडला गेला. त्या दशकाच्या उत्तरार्धात मानेच्या पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया रुळली, तर सत्तरच्या दशकात जपानी शल्यविशारदांनी मणक्याची मागची कमान दारासारखी उघडून मज्जारज्जूला जागा करून देण्याची पद्धत आणली.

गुंता राहिला तो नावाचा. या आजाराच्या रूढ नावातल्या ‘स्पॉन्डिलोसिस’चा अर्थ मणक्यांची झीज. पण मज्जारज्जू दबण्याची तीच लक्षणे अस्थिबंधाच्या (मणक्यांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) हाडीकरणानेही होतात आणि त्या विकाराचा अभ्यास प्रामुख्याने जपानमध्ये वेगळ्या नावाने वाढला. एकच आजार दोन-तीन नावांखाली विखुरल्याने संशोधनाची तुलना अवघड झाली. म्हणून २०१५ मध्ये ‘डीजनरेटिव्ह सर्व्हायकल मायलोपथी’ (झिजेमुळे मानेतील मज्जारज्जूला होणारा विकार) हे समावेशक नाव सुचवण्यात आले आणि पुढे रुग्णांचाही सहभाग असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रक्रियेत तेच स्वीकारले गेले. हाडीकरणात आनुवंशिकतेचाही वाटा असल्याने त्याला सरसकट ‘झीज’ म्हणणे काहीसे ओढूनताणून वाटते, हे खरे. तरीही या नावाने लक्ष मणक्यावरून मज्जारज्जूकडे वळवले, हा लाभ मोठा आहे.

मराठीत तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे. मानेच्या कोणत्याही दुखण्याला आपण ‘स्पॉन्डिलायटिस’ म्हणतो, वास्तविक त्या शब्दाचा अर्थ मणक्याचा दाह असा आहे. शिवाय मज्जारज्जू दबलेल्या अनेकांची मान फारशी दुखतही नाही. शर्टाचे बटण लागेनासे होते, अक्षर बिघडते, चालताना तोल जातो, आणि याचा मानेशी संबंध असेल असे ना घरच्यांच्या मनात येते, ना पहिल्या भेटीत अनेक डॉक्टरांच्या.

ऐंशीच्या दशकात एमआरआय आल्यावर दाब थेट दिसू लागला, पण तो कोणतीही तक्रार नसलेल्या अनेक वृद्धांतही दिसला. २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी मध्यम व तीव्र आजारात शस्त्रक्रियेची शिफारस केली; सौम्य आजारात शस्त्रक्रिया किंवा देखरेखीखालील व्यायामोपचार असे दोन्ही मार्ग मोकळे ठेवले; आणि केवळ चित्रात दाब दिसतो, लक्षणे मात्र नाहीत, अशा व्यक्तीवर प्रतिबंधक शस्त्रक्रिया करू नये असे सुचवले. अशा व्यक्तीला मायलोपथीचे नाव लागू होत नाही. तिला धोक्याची लक्षणे समजावून सांगून नियमित तपासणीखाली ठेवले जाते.