रुतणाऱ्या वाळूची दहशत आली कुठून?

एका पावलाला जमीन घट्ट असते, पुढच्या पावलाला ती पायाखालून सुटते. माणूस जितका धडपडेल तितका आत जातो. आधी गुडघे, मग कंबर, मग गळा, आणि शेवटी वर उरते फक्त टोपी. सिनेमे आणि चित्रकथांवर वाढलेल्या कित्येक मुलांनी हे अक्षरशः खरं मानलं. मोठेपणी कधीतरी आपलीही रुतणाऱ्या वाळूशी, म्हणजे क्विकसँडशी, गाठ पडणारच, याची त्यांना खात्री होती.

या भीतीला हसू नये असं मला वाटतं, कारण तिचं मूळ खरं आहे. अकराव्या शतकात भरतकाम केलेला बेयोचा पट प्रसिद्ध आहे. फ्रान्समधल्या माँ सां-मिशेलजवळ नदी ओलांडताना वाळूत अडकलेले सैनिक त्यावर दिसतात. पुढे 1066 मध्ये इंग्लंडचा राजा झालेला हॅरल्ड त्यांतल्या एकाला पाठीवर घेऊन आणि दुसऱ्याला हाताला धरून बाहेर काढतो आहे. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर मोरकमचा उपसागर आहे. तिथे ओहोटीच्या वेळी वाळूवरून पायी जाणाऱ्यांसाठी सोळाव्या शतकापासून राजाने नेमलेला वाटाड्या असतो. या लोकांना वाळूचा धाक होता, पण त्याहून मोठा धाक होता मागून येणाऱ्या भरतीचा.

पुढे गोष्टींमधून भरती गळाली आणि गिळणारी वाळू तेवढी उरली. विल्की कॉलिन्सच्या 1868 मधल्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीत किनाऱ्यावरची थरथरती वाळू एका दासीला कायमची पोटात घेते. सिनेमाने तर समुद्रही सोडला. 1962 च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त एक पोरगा भर वाळवंटात बुडतो. 1960 च्या दशकात हे दृश्य इतकं बोकाळलं, की एका मोजदादीनुसार त्या काळातल्या जवळपास 3 टक्के सिनेमांत ते होतं. त्या वयातल्या मुलांना दुसरं काय वाटणार?

याच काळात खरं कारण मात्र अभियंत्यांना ठाऊक होतं. वाळूचे कण एकमेकांवर टेकलेले असतात, म्हणून ती आपलं वजन पेलते. कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला, की कण एकमेकांपासून सुटतात आणि तीच वाळू द्रवासारखी वागू लागते. कार्ल तेरझागी यांनी 1920 च्या दशकात हे गणित मांडलं. 1964 च्या भूकंपात जपानमधल्या निगाता शहरात याच कारणाने अख्ख्या इमारती कलंडल्या.

माणूस तिच्यात बुडतो का, याचा नेमका पडताळा 2005 मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला. त्यांनी इराणमधल्या कोमजवळच्या खाऱ्या सरोवराकाठच्या वाळूचा अभ्यास केला. बारीक वाळू, चिकणमाती आणि खारं पाणी यांच्या या मिश्रणाची घनता पाण्याच्या सुमारे दुप्पट भरते. माणसाची घनता साधारण पाण्याइतकीच. म्हणजे माणूस कमरेपर्यंत जाईल आणि तिथेच तरंगेल. टोपीपर्यंत जाणं शक्यच नाही. कोरड्या वाळूचं म्हणाल, तर प्रयोगशाळेत हवा सोडून मुद्दाम भुसभुशीत केलेल्या वाळूत जड चेंडू गडप होतो खरा, पण म्हणून वाळवंटातलं ते दृश्य खरं ठरत नाही.

तरी सुटका सोपी नाही. हालचालीने मिश्रण विस्कटलं, की वाळू खाली बसते आणि पायांभोवती घट्ट आवळते. पाय सेकंदाला 1 सेंटिमीटर या वेगाने जरी वर ओढायचा म्हटला, तरी मध्यम आकाराची मोटारगाडी उचलण्याइतकं बळ लागतं. सिनेमात दोर टाकून ओढतात तसं जोराने ओढलं, तर इजा माणसालाच होईल.

खरा घात होतो तो असं अडकून पडण्यात. मोरकमच्याच उपसागरात 5 फेब्रुवारी 2004 च्या रात्री शिंपले वेचणाऱ्या किमान 21 चिनी मजुरांना भरतीने गाठलं आणि ते बुडाले. वाळूने त्यांना गिळलं नव्हतं. ओहोटीत उघड्या पडलेल्या त्या विस्तीर्ण पट्ट्यावर पाणी त्यांच्याआधी पोचलं. भरतीची वेळ माहीत असलेला वाटाड्या सोबत असणं तिथे आजही तितकंच महत्त्वाचं आहे.

पाय रुतलाच तर पाठीवरचं ओझं टाकावं, मागे रेलून वजन पसरावं आणि पाय हळूहळू हलवत राहावेत, म्हणजे त्यांच्याभोवती पाणी शिरून वाळू सैल होते. किनाऱ्यावर असाल, तर मदतीची हाक मात्र पहिल्याच मिनिटाला द्यावी.