डेमो आणि आउटटेक एकच नाही हो, ‘नॉट गिल्टी’वरून सांगतो

परवा डेक्कनला आमची गाणी ऐकणारी मंडळी जमली होती तिथे परत तोच घोळ झाला. एकाने बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं ‘नॉट गिल्टी’ लावलं, साध्या गिटारवरचं, घरात बसून गायलेलं, आणि म्हणाला ऐका, बीटल्सचा आउटटेक. अरे तो आउटटेक नाही, डेमो आहे. मी बोललो पण तेवढ्यात चहा आला आणि विषय राहून गेला, म्हणून इथे नीट लिहितोय, कारण हे एकच गाणं दोन्ही प्रकारात सापडतं आणि शेजारी शेजारी ऐकलं की लगेच कळतं.

1968 च्या फेब्रुवारीत बीटल्स ऋषिकेशला गेले, ढीगभर गाणी घेऊन परत आले आणि मे महिन्यात हॅरिसनच्या लंडनजवळच्या ईशरच्या घरी बसून त्यांनी ती टेपवर घेतली. हे डेमो. चाल अशी आहे, शब्द असे आहेत, आता पुढे काय करायचं ते ठरवू, एवढ्यासाठीच. ऐकणारे कोण, तर आपलेच लोक. आपल्याकडे संगीतकार पेटीवर चाल बांधून मोबाईलमध्ये घेतो आणि अरेंजरला पाठवतो ना, अगदी तेच. बाजारात आणायचा विचारच नसतो, त्यामुळे डेमो ‘नाकारला’ असं म्हणणंच चूक आहे.

आउटटेकची गोष्ट वेगळी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेच गाणं अ‍ॅबी रोडच्या ईएमआय स्टुडिओत रेकॉर्ड झालं, इंजिनियर बसलेत, प्रत्येक टेकला, म्हणजे गाणं वाजवून घेण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला, नंबर पडतोय आणि हे सगळं अल्बमसाठीच चाललंय. हॅरिसनने काय केलं बघा, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर इको चेंबरमध्ये, म्हणजे आवाज घुमणाऱ्या खोलीत, एका टोकाला ठेवायला लावला, दुसऱ्या टोकाला माईक, आणि स्वतः कंट्रोल रूममध्ये बसून वाजवली. का, तर हवा तो घुमारा मिळावा म्हणून. टेकचे नंबर 102 पर्यंत गेले, बरेच टेक अर्ध्यात तुटलेले. एवढी मेहनत, आणि 22 नोव्हेंबर 1968 ला बीटल्सचा व्हाइट अल्बम आला तेव्हा त्यात 30 गाणी होती आणि हे नव्हतं. मला हे अजून लागतं. आउटटेक म्हणजे हे, रिलीज करायचंच म्हणून केलेलं आणि शेवटी बाहेर राहिलेलं.

पुढे 1979 मध्ये हॅरिसनने स्वतःच्या अल्बमसाठी ते नव्याने केलं, बरंच मऊ. स्टुडिओतला टेक 1996 मध्ये बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी 3’ या संग्रहावर आला आणि ईशरचा डेमो तर 2018 मध्ये, म्हणजे 50 वर्षांनी.



आता कोणी म्हणेल नावाने काय फरक पडतो. खूप पडतो. स्टुडिओच्या मल्टिट्रॅक टेपवर वाद्यं आणि आवाज बऱ्यापैकी वेगळे असतात, त्यामुळे कितीही वर्षांनी परत मिक्स करता येतं. घरच्या कॅसेटवर सगळं एकात एक मिसळलेलं. बीटल्समधल्याच जॉन लेननचं ‘नाऊ अँड देन’ त्यातच अडकलं होतं, 70 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्कच्या घरी पियानोवर गायलेला डेमो, लेननच्या पश्चात 1995 मध्ये बाकी तिघांनी त्यावर काम सुरू केलं पण टेपवर घरघर होती आणि पियानोखाली आवाज दबत होता, म्हणून सोडून दिलं. हॅरिसन 2001 मध्ये गेला. कॉम्प्युटरने आवाज पियानोपासून सोडवता आला तेव्हा कुठे 2 नोव्हेंबर 2023 ला गाणं आलं. 1995 मध्ये हॅरिसनने वाजवलेली गिटार त्यात आहे, म्हणजे डेमोही आणि अर्धवट सोडलेलं सेशनही, दोन्ही एकाच गाण्यात.

आमच्याकडेही अशी जोडी आहे. कॉलेजात फिरोदिया करंडक स्पर्धेच्या वेळी केलेलं एक गाणं, घरची कॅसेट सदाशिव पेठेतल्या आमच्या मागच्या खोलीतली, कडव्याच्या मध्येच कुकरची शिट्टी आणि मागून आई ‘चहा टाकलाय रे’ म्हणते. दुसरी कॅसेट तासाच्या भाड्याने घेतलेल्या स्टुडिओतली, आधी कोणीतरी ‘टेक चार’ म्हणतं, तबलेवाला दोनदा हातोडी मारून थांबतो, मग गाणं. स्पर्धेत शेवटी दुसरीच चाल घेतली आम्ही. दोन्हीच्या कव्हरवर माझ्याच अक्षरात फक्त ‘गाणं, फायनल नाही’ एवढंच लिहिलंय, काल बसून एकीवर डेमो आणि दुसरीवर टेक चार असं लिहिलं, तबला आणि पेटी कोणाची तेही लिहिलं.