‘लॉर्ड एजवेअर डाइज’मागचा कायदा

अगाथा ख्रिस्तीच्या हर्क्यूल पॉयरो या गुप्तहेराला मिशांवाचून ओळखणं अवघड. पण १९३४ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ या चित्रपटात ऑस्टिन ट्रेव्हरने रंगवलेला पॉयरो उंच, तरुण आणि सफाचट आहे. कादंबरी आदल्याच वर्षी आली होती. ती इतक्या लगबगीने पडद्यावर का आली, हे १९२७ च्या एका कायद्याकडे पाहिल्यावर उलगडतं.

१९२० च्या दशकाच्या मध्याला ब्रिटिश चित्रपटगृहांत देशी चित्रपट जेमतेम पाच टक्के उरले होते. बाकी बहुतेक सगळं हॉलिवूडचं. म्हणून सरकारने सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्ट आणला. वितरकांनी सुरुवातीला ७.५ टक्के, तर चित्रपटगृहांनी ५ टक्के ब्रिटिश चित्रपट घ्यायचे; पुढे हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत चढलं. ‘ब्रिटिश’मध्ये सगळं साम्राज्य आलं, म्हणजे कागदोपत्री मुंबईचा चित्रपटही. (साम्राज्यातल्या चित्रपटांना भारतात अशी सवलत द्यावी का, हा प्रश्न तेव्हाच भारतातल्या चित्रपटव्यवसायाची पाहणी करणाऱ्या रंगाचारियार समितीपुढे होता. समितीने ती नाकारली. याच समितीपुढे दादासाहेब फाळक्यांनी साक्ष दिली होती.)

कायद्याने संख्या बांधून दिली, दर्जाबद्दल मात्र काहीच म्हटलं नाही. अमेरिकन वितरक मग कोटा भरण्यापुरते स्वस्त चित्रपट ब्रिटिश स्टुडिओंकडून करून घेऊ लागले. फूटभर फिल्मला एक पौंड हा रुळलेला दर. या झटपट उरकलेल्या चित्रपटांना ‘कोटा क्विकी’ म्हणत. ट्विकनहॅम स्टुडिओचे ज्युलियस हेगन या धंद्यातलं मोठं नाव. त्यांच्याकडे गिरणीसारख्या दिवसपाळी-रात्रपाळी चालत.

अशा निर्मात्याला रहस्यकथा फार सोयीची. चार खोल्या, एक खून, भरपूर संवाद, आणि वाचकवर्ग आधीच तयार. ख्रिस्तीच्या कथेवरचा पहिला चित्रपट १९२८ मध्ये हेगननीच काढला. १९३१ मध्ये ट्रेव्हरला घेऊन त्यांनी ‘अ‍ॅलिबाय’ आणि ‘ब्लॅक कॉफी’ केले. तिसरा ‘लॉर्ड एजवेअर’. तो आजही पाहायला मिळतो, आणि पाहावाच. हे चित्रपट टाकाऊ म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही. मायकेल पॉवेलसारखा पुढे नावाजलेला दिग्दर्शक १९३१ ते १९३६ या काळात अशाच वीसेक चित्रपटांवर घडला.

१९३७ मध्ये हेगन यांची कंपनी बुडाली. १९३८ च्या नव्या कायद्याने कोट्यातल्या चित्रपटांना किमान खर्चाची अट घातली आणि पौंडाला फूट हा हिशेब बंद पडला.